स्लॅक की की हवाईयन गिटार? आधी हा घोळ मिटवा, मग तारा घ्या

आपल्याकडे "हवाईयन गिटार" म्हटलं की एकच चित्र डोळ्यापुढे येतं, मांडीवर आडवी ठेवलेली गिटार, डाव्या हातात लोखंडी दांडी, आणि त्या दांडीवरून घसरत चाललेलं एखादं जुनं हिंदी गाणं. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधली जागा भरायला हेच लागायचं, व्हॅन शिपले वगैरे मंडळींच्या रेकॉर्डी घरोघरी होत्या, आणि नंतर ब्रिजभूषण काब्रांनी तर मांडीवरच्या गिटारवर थेट राग वाजवले, १९६७ ची शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची रेकॉर्ड कित्येकांनी झिजेपर्यंत ऐकली असेल. त्यामुळे मी पहिल्यांदा स्लॅक की ऐकलं आणि येडा होऊन दुकानात गेलो नि "हवाईयन वाजवायचंय, तारा द्या" म्हणालो, तेव्हा दुकानदाराने त्याच्या परीने अगदी बरोबर केलं. मांडीवरच्या गिटारचा सेट काढून हातात दिला. घरी आलो, साध्या गिटारवर चढवला, पहिलीच तार सोळाची, म्हणजे ०.०१६ इंच जाडीची! साध्या सेटमधे ती बाराची असते. दोन दिवस बोटांची सालं निघाली आणि मला वाटलं हे हवाईचे लोक काय पोलादी बोटांचे असतात की काय. चूक माझीच, दोन वेगळ्या गोष्टींना मी एकच नाव दिलं होतं.

तर दोन गोष्टी आहेत. एक स्टील गिटार, जिला आपण हवाईयन गिटार म्हणतो. दुसरी स्लॅक की, तिथल्या भाषेत की होआलू, म्हणजे सरळ सरळ "खुंटी सैल करणं". दोन्ही हवाईच्याच, दोन्हींत तारा एखाद्या कॉर्डमधे लावलेल्या असतात, दोन्ही एकाच गाण्यात शेजारी शेजारी वाजतात, गॅबी पाहिनुईसारखा हवाईचा वादक तर दोन्ही उत्तम वाजवायचा. एवढं सगळं सारखं असल्यावर घोळ होणारच. पण स्टील गिटार हे वेगळं वाद्य आहे आणि स्लॅक की हे वाद्यच नाही, साधी गिटार लावायची आणि वाजवायची ती पद्धत आहे. हे डोक्यात बसलं की खरेदीचा निम्मा प्रश्न सुटतो.

जुनी कोण म्हणाल तर स्लॅक की. १७९३ मधे व्हॅंकूवर नावाच्या इंग्रज कप्तानाने पहिल्या कामेहामेहा राजाला गुरं भेट दिली, राजाने ती मारायला बंदी केली, मग ती एवढी वाढली की शेतं तुडवायला लागली. १८३० च्या दशकात तिसऱ्या कामेहामेहाने मेक्सिकोकडचे गुराखी बोलावले, लोकांना घोड्यावर बसून गुरं हाकायला शिकवायला. हेच ते पानिओलो, हा शब्द "एस्पान्योल"वरून आलेला. ते येताना गिटारी घेऊन आले, शिकवण पुरी न होताच गेले असावेत असं सांगतात, आणि मागे राहिलेल्या गिटारी तिथल्या लोकांनी आपल्या गळ्याला सोयीच्या लावून घेतल्या. प्रत्येक घराण्याची स्वतःची लावण, म्हणजे ट्यूनिंग, आणि ती बाहेर सांगायची नाही, अगदी आपल्याकडे उस्ताद लोक बंदिशी लपवून ठेवायचे तसं. गॅबीने १९४६ मधे पहिली स्लॅक कीची रेकॉर्ड केली तोवर हे अंगणातलंच संगीत होतं, आणि शिकवायचं पहिलं पुस्तक यायला १९७३ उजाडलं, ते कियोला बीमरचं.

स्टील गिटार त्यामानाने धाकटी. ओआहू बेटावरच्या लाये गावचा जोसेफ केकुकू नावाचा पोरगा, १८८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी त्याने तारांवर लोखंडाचा तुकडा घासून बघितला, रुळाचा बोल्ट होता म्हणतात, आणि हा नाद धरला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईचं वेड लागलं आणि तिथून हे वाद्य जगभर गेलं, फिरत्या हवाईयन कलाकारांबरोबर कलकत्त्याला आणि मग मुंबईच्या स्टुडिओंतही पोचलं. स्लॅक की मात्र घरीच राहिली. म्हणून आपल्याला धाकटी माहिती आणि थोरली अनोळखी.

आता मुद्द्याचं, लावण. ज्याला सा रे ग म कळतं त्याला हे एका मिनिटात कळेल. स्लॅक कीची सगळ्यात चालणारी लावण म्हणजे टारो पॅच, जाड तारेकडून बारीक तारेकडे डी जी डी जी बी डी. जी हा सा धरा, मग ती होते प सा प सा ग प. तानपुराच म्हणा ना, फक्त एक गंधार जास्त. साध्या लावणीतून (ई ए डी जी बी ई) इथे यायला सहावी म्हणजे सगळ्यात जाड, पाचवी आणि पहिली म्हणजे सगळ्यात बारीक अशा तीन तारा प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरवायच्या, बाकी तीन तशाच. कुठलीही तार चढवायची नाही, म्हणून तर नाव सैल.

आणि मांडीवरची डोब्रो पद्धतीची (पोटात धातूची तबकडी असलेली) गिटार? तीही टारो पॅचसारखी "ओपन जी"च लावतात, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड, पण ती असते जी बी डी जी बी डी, म्हणजे सा ग प सा ग प. नाव तेच, आणि खालच्या दोन तारा चढवलेल्या! सहावी ई वरून जी पर्यंत वर, पाचवी ए वरून बी पर्यंत वर. तारेवरचा ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, हिशोब केला तर त्याच तारेवर सहावीचा ताण ४१ टक्के वाढतो आणि पाचवीचा २६ टक्के. नेटवर "हवाईयन ओपन जी" असं शोधून जे पहिलं दिसेल त्याप्रमाणे साधी गिटार लावणारे लोक मी बघितलेत, तार तुटली तर नशीब, नाहीतर हळूहळू ब्रिज, म्हणजे पोटावर तारा अडकवलेला तुकडा, उचलला जातो. स्लॅक कीत उलटं, एक स्वर उतरवला की ताण साधारण २० टक्के कमी होतो, आणि सी वाहिने लावणीत, जी आहे सी जी डी जी बी डी, सहावी ई वरून सी पर्यंत खाली येते म्हणजे ताण ३७ टक्के गेला. तार अक्षरशः दोरीसारखी लोंबते.

या ताणावरूनच गिटार वेगळी लागते. स्टील वाजवणाऱ्याला तारा पट्टीपासून चांगल्या उंच पाहिजेत, नाहीतर दांडी फ्रेटवर (पट्टीवरच्या आडव्या धातूच्या काड्यांवर) खडखडते, म्हणून मांडीच्या गिटारचा नट, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाचा खाचांचा तुकडा, उंच असतो, नेक बऱ्याचदा चौकोनी, वायसेनबॉर्न पद्धतीच्या गिटारचा तर नेकसुद्धा पोकळ. असल्या गिटारवर बोट दाबून तार फ्रेटला टेकवायचा विचारच नको. स्लॅक की सगळी बोटांनी दाबूनच वाजते, अंगठा खालच्या तीन तारांवर बेस धरून चालतो आणि बाकीची बोटं वर गाणं म्हणतात, मधेच हॅमर (बोट तारेवर आपटून सूर), मधेच पुल (बोट ओढून काढत सूर), मधेच बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून घंटीसारखा आवाज. तेव्हा दुकानात "हवाईयन" हा शब्दच उच्चारू नका. "फिंगरस्टाईलसाठी साधी अकूस्टिक" म्हणा.

कुठली साधी? इथे मी जरा हट्टी आहे. बहुतेक लोक सगळ्यात मोठ्या पोटाची ड्रेडनॉट घेतात कारण दुकानात त्याच टांगलेल्या असतात, आणि कॉर्ड ओढून गायला ती झकास आहे, पण तिचा बेस आधीच भरपूर, त्यात सहावी तार सैल केली की नुसतं घुमत बसतं, वरचं गाणं बुडतं. छोटं पोट घ्यावं तर दुसरी अडचण, छोट्या गिटारची स्केल म्हणजे नट ते ब्रिज लांबी बऱ्याचदा कमी असते, आणि लांबी कमी म्हणजे त्याच सुराला ताण आणखी कमी. यामाहाची एफजी बघा, स्केल ६५० मिमी, आणि तिचीच धाकटी बहीण एफएस ६३४ मिमी. १६ मिमीने काय होतंय असं वाटेल, पण ताणात जवळपास ५ टक्क्यांचा फरक पडतो, आणि सैल तारेला ५ टक्के म्हणजे थोडे नाहीत.

माझ्या मते यावरचं उत्तर ओएम. मार्टिन या गिटार कंपनीच्या यादीत ट्रिपल ओ आणि ओएम हीसुद्धा अशीच फसवी जोडी आहे, दोन्हींचा डबा एकच, दिसायला जुळ्या बहिणी, पण ट्रिपल ओची स्केल २४.९ इंच आणि ओएमची २५.४. स्लॅक कीला ओएम बरी, पोट आटोपशीर आणि तारा लांब. मार्टिनच घ्या असं अजिबात म्हणत नाही, ओएम आकाराच्या गिटारी आता बऱ्याच कंपन्या काढतात, फक्त स्केल विचारून घ्या, कारण नावात ओएम असून आखूड स्केल असलेल्याही असतात. नटची रुंदी बघा, ४३ मिमी चालते, ४४.५ असेल तर बोटांना जागा मिळते आणि शेजारची तार दबत नाही. आणि ऍक्शन, म्हणजे तारांची पट्टीपासूनची उंची, एकदम जमिनीला टेकलेली नको. पोट्टे लोक "ऍक्शन लो करून द्या" म्हणून सॅडल (ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी) घासून घेतात, मग तारा सैल केल्या की सगळीकडे झर्रझर्र. सैल तार जास्त हेलकावते, तिला जागा लागते.

लाकडाचं थोडक्यात. कोआ हे हवाईचंच झाड, जगात दुसरीकडे कुठे आपोआप उगवत नाही, आपल्या बाभळीच्या नात्यातलं, आणि दिसायला असं देखणं की बघत राहावं. किंमतही तशीच. जुन्या वादकांनी मिळेल त्या गिटारवर आयुष्य काढलं, तेव्हा कोआवाचून अडत नाही. पैसे वाचवा आणि चांगल्या कारागिराकडून सेटअप करून घ्या.

आता तारा. लाईट म्हणजे बारा-त्रेपन्न (पहिली बाराची, सहावी त्रेपन्नची), मीडियम म्हणजे तेरा-छप्पन्न. लोकांचा सरळ सल्ला असतो की सैल लावायची तर जाड तारा घाला, तो अर्धा बरोबर. मीडियमची तेराची तार डी ला उतरवली तर लाईटच्या बाराच्या तारेला ई वर जेवढा ताण असतो त्याच्या ९३ टक्के मिळतो, म्हणजे बोटाला जवळजवळ ओळखीचं वाटतं. पण टारो पॅचमधे दुसरी, तिसरी, चौथी उतरवतच नाही ना, त्या मीडियममधे उगाच कडक होऊन बसतात, आणि हॅमर-पुल तर जास्त करून तिथेच चालतात. शिवाय गिटार लाईटसाठी बनवलेली असेल आणि कुणी मधेच मीडियम घालून परत साध्या लावणीत आणली तर नेकवर बोजा येतो. म्हणून मी बारा-छप्पन्नचा सेट घालतो, वरच्या लाईट आणि खालच्या मीडियम, ब्लूग्रास हे अमेरिकन लोकसंगीत वाजवणाऱ्यांसाठी म्हणून विकतात, आणि पहिली तेवढी बदलून सुटी तेराची लावतो. ज्या तारा उतरतात त्या जाड, दुसरी-तिसरी नॉर्मल. सी वाहिनेत छप्पन्नचीसुद्धा त्रेपन्नच्या नेहमीच्या ताणाच्या ढोबळमानाने ७० टक्क्यांवरच राहते, पण वाजते, त्रेपन्नची नुसती फडफडते. जाड तार नटच्या खाचेत नीट बसते का ते बघा, अडकत असेल तर खाच कारागिराकडून रुंद करून घ्या, स्वतः पॉलिश पेपर घेऊन बसू नका, मी बसलो होतो.

धातूचंही एक जोडपं आहे, एटी-ट्वेंटी आणि फॉस्फर ब्रॉन्झ. एटी-ट्वेंटी म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, ब्रॉन्झ म्हणतात पण खरं तर ते पितळच, आवाज झगझगीत आणि लवकर मरतो. फॉस्फर ब्रॉन्झमधे तांब्याबरोबर कथील आणि किंचित फॉस्फरस, आवाज जरा उबदार, टिकतो जास्त. सैल तारेचा आवाज आधीच मऊ असतो म्हणून झगझगीत तार घालून तो उघडावा असं काही जण म्हणतात, पटण्यासारखं आहे, पण मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत एटी-ट्वेंटी पंधरा दिवसांत काळी पडते, म्हणून मी फॉस्फरवरच आहे, पावसाळ्यात कोटिंगवाली. सिल्क अँड स्टील (आत रेशमी धागा असलेल्या) तारा मात्र नको, त्या मुळातच ढिल्या असतात, आणखी सैल केल्यावर काही उरत नाही.

नवीन तारा घातल्या की एक दिवस साध्या लावणीतच राहू द्या आणि मग उतरवा. पहिली डी ला आणताना उघड्या चौथीशी जुळवा, सप्तक वेगळं पण सूर तोच, पाचवी तिसरीशी, सहावी पुन्हा चौथीशी. उतरवताना सुरावर थांबू नका, थोडं आणखी खाली जा आणि मग हळूच वर चढत सुरावर या, कारण नुसती ढिली करून सोडलेली तार थोड्या वेळात आपोआप सुरावरून सरकते आणि वाटतं की आपलाच कान बिघडलाय. मग एकही बोट न दाबता सहावीपासून पहिलीपर्यंत अंगठा फिरवा, प सा प सा ग प.