इंडियाना सिनेट निवडणूक, २०१२

अमेरिकी संसदेचे वरिष्ठ सभागृह असलेल्या सिनेटमधील इंडियाना राज्याच्या एका जागेसाठी ६ नोव्हेंबर २०१२ रोजी झालेली निवडणूक. निवडून आले डेमोक्रॅटिक पक्षाचे जो डॉनेली; पण तिची चर्चा आजही होते ती अंतिम मतपत्रिकेवर नावच नसलेल्या रिचर्ड लुगर यांच्यामुळे.

लुगर (१९३२–२०१९) हे रिपब्लिकन, इंडियानापोलिसचे माजी महापौर. १९७६ मध्ये तीन मुदती पूर्ण केलेल्या व्हान्स हार्टके यांना हरवून ते सिनेटवर गेले आणि मग हलले नाहीत. २००६ मध्ये तर डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांच्यासमोर उमेदवारच दिला नाही. लुगर यांना ८७ टक्के मते पडली. पूर्वीच्या सोव्हिएत संघातील अण्वस्त्रे निकामी करण्यासाठी अमेरिकेने पैसा पुरवला, तो सिनेटर सॅम नन आणि लुगर यांच्या नावाच्या १९९१ च्या नन-लुगर योजनेतून. भारताशी अणुसहकार्याचे विधेयक २००६ मध्ये सिनेटने संमत केले तेव्हा परराष्ट्र संबंध समितीचे अध्यक्ष तेच होते.

सातव्या खेपेला त्यांना गाठले ते स्वपक्षातूनच. राज्याचे खजिनदार रिचर्ड मर्डॉक पक्षातल्या कट्टर उजव्या टी पार्टी गटाच्या पाठबळावर उमेदवारी मागायला उभे राहिले. ओबामांनी सर्वोच्च न्यायालयावर नेमलेल्या दोन न्यायमूर्तींच्या बाजूने लुगर यांनी मत दिले, रशियाशी शस्त्रकपातीचा करार उचलून धरला, हे मर्डॉक यांचे मुद्दे. जिव्हारी लागला तो मात्र घराचा प्रश्न. लुगर यांनी इंडियानापोलिसमधले घर १९७७ मध्येच विकले होते. राहायला व्हर्जिनियात, शहरात आले की मुक्काम हॉटेलात, आणि मतदार यादीतला पत्ता पस्तीस वर्षांपूर्वी विकलेल्या त्याच घराचा! मार्च २०१२ मध्ये इंडियानापोलिस ज्यात येते त्या मॅरियन काउंटीच्या निवडणूक मंडळाने त्या पत्त्यावरून मतदान करण्यास त्यांना मनाई केली. उमेदवारीला धक्का लागला नाही, त्यांनी घरच्या शेताचा पत्ता लावून नाव पुन्हा नोंदवले. पण गावचा माणूस गावचा राहिला नाही, ही बोलवा खोडून काढणे ऐंशीच्या उंबरठ्यावर जमले नाही. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या ८ मेच्या प्राथमिक निवडणुकीत मर्डॉक यांना सुमारे ६१ टक्के, लुगर यांना ३९. प्राथमिक फेरीत हरलेल्याला अपक्ष म्हणून उभे राहण्याची वाट इंडियानाचा कायदा बंद करतो, त्यामुळे विषय तिथेच संपला.

रिपब्लिकनांची हक्काची जागा अशी खुली झाली. तरीही मर्डॉक यांना ती राखता आली असती. २३ ऑक्टोबरच्या वादसभेत, बलात्कारातून गर्भ राहिला तरी ती देवाचीच इच्छा, अशा आशयाचे ते बोलून गेले. डॉनेली स्वतः गर्भपाताच्या विरोधातलेच, तरी फायदा त्यांना झाला. डॉनेली ५० टक्के, मर्डॉक ४४, लिबर्टेरियन पक्षाचे अँड्र्यू हॉर्निंग जवळपास ६. त्याच दिवशी अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन मिट रॉम्नी यांनी हे राज्य सुमारे १० टक्क्यांच्या आघाडीने जिंकले होते.

ही जागा रिपब्लिकन पक्षाकडे परतली ती २०१८ मध्ये, माइक ब्रॉन यांनी डॉनेली यांना हरवल्यावर.