घंटा नसलेल्या घरातली वही

शाळेत दिवसभरात आठ-नऊ वेळा घंटा होते. घंटा झाली की वह्या बदलतात, शिक्षक बदलतात, विषय बदलतो. शेजारच्याने पुस्तक काढलं की आपणही काढतो, गृहपाठ कोणीतरी फळ्यावर लिहून देतं. आता काय करायचं, किती वेळ करायचं आणि कुठे थांबायचं, हे शाळेतल्या मुलाला स्वतः फारसं ठरवावंच लागत नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही, आणि मग आई किंवा वडीलच घंटा होतात. "गणित झालं का?", "आता वाचनाला बस", "अजून तिथेच?" असं दिवसातून वीस वेळा. दोघंही वैतागतात आणि मूल आखणी करायला शिकत नाही ते नाहीच, कारण आखणी सतत दुसऱ्याच्या डोक्यात चाललेली असते.

प्लॅनर, म्हणजे आठवड्याची कामं लिहायची वही, ती आखणी कागदावर उतरवतो. पण त्याचा उपयोग होतो की तो नुसता लेखी तगादा होऊन बसतो, हे त्यातली पेन्सिल कोणाच्या हातात आहे यावर अवलंबून असतं.

आधी मेंदूचं पाहू. एका वेळी हाताळायच्या गोष्टी आपण ज्या स्मृतीत धरून ठेवतो, तिला वर्किंग मेमरी म्हणतात. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये केलेल्या मांडणीनुसार तिच्यात प्रौढ माणसाच्याही साधारण चारच गोष्टी मावतात. लहान मुलांच्या त्याहून कमी. उदाहरण सोडवताना हातचा धरायचा, पायरी विसरायची नाही आणि वर 'यानंतर विज्ञान, मग काल राहिलेलं शुद्धलेखन' हेही लक्षात ठेवायचं, एवढी जागा तिथे नसते. क्रम लावणं, मोह आवरणं, काम मध्येच बदलणं ही कामं ज्या भागाकडे असतात, तो कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. म्हणजे दहा वर्षांचं मूल विसरतं तेव्हा बहुतेकदा तो आळस नसतो. त्याच्याकडून जी अपेक्षा केली जाते आहे, तिचं यंत्र अजून पुरतं तयार झालेलं नसतं.

कागदामुळे आणखी एक गोष्ट साधते. अर्धवट राहिलेलं काम मनात टोचत राहतं. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की ही टोचणी थांबायला काम पूर्णच व्हायला हवं असं नाही. ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, तरी टोचणी बरीच थांबते. राहिलेली दोन गणितं गुरुवारच्या रकान्यात लिहिली की बुधवारचं वाचन मोकळ्या मनाने होतं.

एक ओळ कशी लिहायची

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू. सोमवारच्या रकान्यात नुसतं 'गणित' लिहिलेलं असलं, तर ती कामाची ओळ नाही, ते विषयाचं नाव झालं. मुलाला ती वाचून काय उघडायचं तेही कळत नाही आणि कुठे थांबायचं तेही नाही. तीच ओळ अशी लिहून पाहा: 'अपूर्णांकांची बेरीज, पान ४२, गणितं १ ते ८ सोडवून उत्तरं ताडणे.' यात पुस्तकातली जागा आहे, मोजता येणारं प्रमाण आहे, आणि काम संपलं हे कशावरून ओळखायचं तेही आहे. 'इतिहास वाचणे' ऐवजी 'धडा ६, पानं ५१ ते ५५ वाचून तीन प्रश्न स्वतः तयार करणे.' 'निबंध' ऐवजी आज फक्त 'मुद्दे काढणे, किमान सहा'. निबंध ही एक ओळ नसतेच. मुद्दे, कच्चा मसुदा, दुरुस्ती आणि पक्की प्रत अशा चार दिवसांच्या चार ओळी होतात.

तुकडे लहान का हवेत, याचं उत्तर अल्बर्ट बँडुरा आणि डेल शंक यांच्या १९८१ च्या प्रयोगात मिळतं. वजाबाकीत कच्ची असलेली आणि गणिताची गोडी नसलेली मुलं त्यांनी घेतली. काम होतं ७ बैठकांत ४२ पानं. काही मुलांना सांगितलं, दर बैठकीला निदान ६ पानं करा. काहींना सांगितलं, शेवटच्या बैठकीपर्यंत सगळी ४२ संपवा. काहींना उद्दिष्ट दिलंच नाही. पानं तीच, वेळ तोच. सहा-सहा पानांचा गट वजाबाकीत पुढे गेला, 'मला हे जमतं' हा त्यांचा विश्वास वाढला, आणि गणितातली गोडीही. दूरचं उद्दिष्ट मिळालेली मुलं उद्दिष्टच नसलेल्या मुलांच्या फारशी पुढे गेली नाहीत. ४२ पानांचा ढीग रोज ४२ पानांचाच दिसतो, तिथे आपण किती पुढे आलो ते कळत नाही.

एका ओळीचं काम साधारण किती वेळाचं असावं? सात-आठ वर्षांच्या मुलाला १५ मिनिटं, दहा-अकराव्या वर्षी २५ ते ३०, तेरा-चौदाच्या पुढे ४०. ओळी किती? लहानांना दिवसाला तीन, मधल्या वयात चार-पाच, मोठ्यांना सहा. हे अंदाज आहेत, मूल पाहून बदलावेत. पण पहिल्या आठवड्यात मुद्दाम कमीच लिहा. पहिलंच पान अर्धं राहिलं, तर मुलाच्या लेखी ती वही म्हणजे आपल्या चुकांची यादी होते, आणि ते मत नंतर सहजी बदलत नाही.

प्रत्येक ओळीच्या डावीकडे एक चौकोन आणि उजवीकडे दोन छोटे रकाने ठेवा: 'अंदाज' आणि 'लागले'. हे दोन रकाने मुलाने स्वतः भरायचे. वेळेचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो, आणि चुकतो तो बहुतेकदा एकाच बाजूला. काहनेमान आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये या सवयीकडे लक्ष वेधलं. १९९४ मधल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवसांचा अंदाज दिला होता, प्रत्यक्षात ५५ च्या वर दिवस लागले. घरी मुलाने 'अंदाज २०, लागले ३५' असं आठ-दहा वेळा स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की तिसऱ्या आठवड्यात ते आपण होऊन ३५ लिहायला लागतं. कोणी रागवून हे होत नाही. आकडे त्याचेच असतात, म्हणून ते पटतात.

तारखेला बांधू नका

वर्षाच्या सुरुवातीला बारा महिन्यांची तारीखवार आखणी करण्याचा मोह फार होतो. पहिल्या तापाला ती कोलमडते. चार दिवस गेले की पुढची प्रत्येक तारीख खोटी ठरते, आणि मागे राहिल्याची भावना रोज सकाळी पान उघडताच समोर उभी. त्यापेक्षा दोन कागद वेगळे ठेवावेत. एक क्रमाची यादी: धडे आणि पानं ओळीने, तारीख अजिबात नाही. दुसरा आठवड्याचा प्लॅनर, त्यात यादीतून फक्त येत्या आठवड्यापुरतं उतरवायचं. आठवडा बुडाला तर यादीतली खूण होती तिथेच राहते, मोडत काहीच नाही.

हिशेबही आधीच सैल ठेवावा. १८० पानांचं पुस्तक आणि शिकण्याचे ३६ आठवडे असतील, तर भागाकार ५ पानं सांगतो. तुम्ही ६ धरा. पुस्तक ३० आठवड्यांत संपतं, आणि आजारपण, पाहुणे, एखाद्या धड्यात जास्त रमणं यासाठी ६ आठवडे हाताशी राहतात. हाच सैलपणा आठवड्यातही हवा: पाचपैकी एका दिवसाचा उत्तरार्ध कोरा सोडा. तो कोराच राहिला तर ती मुलाची हक्काची सुट्टी. तिथे नवीन काम घुसवलंत, तर लवकर संपवण्यात अर्थ नाही हे मूल एका आठवड्यात शिकतं.

घड्याळाला बांधण्याबद्दलही हेच. १९८१ मध्येच कर्शेनबाउम आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात रोजची काटेकोर आखणी करणाऱ्यांपेक्षा महिन्याची ढोबळ आखणी करणारे सरस ठरले. वरच्या वजाबाकीच्या प्रयोगाशी याचा विरोध वाटेल, पण मला तसं वाटत नाही. कामाचा तुकडा लहान आणि नेमका हवा; तो ९:१० लाच सुरू झाला पाहिजे, हा हट्ट नको.

मग सुरुवात कधी करायची? पीटर गोलवित्झर यांनी 'अमुक झालं की तमुक करायचं' अशा बांधणीच्या निश्चयांवर बरंच काम केलं आहे. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा नुसत्या इराद्यापेक्षा अशी जोडणी स्पष्टपणे जास्त परिणामकारक दिसली. 'नऊ वाजता' हे लक्षात ठेवायला मनात सतत घड्याळ चालू ठेवावं लागतं. 'दात घासून झाले की प्लॅनर उघडायचा' यात दात घासणंच आठवण करून देतं. ही ओळ वहीच्या पुठ्ठ्याच्या आत मुलाने स्वतःच्या हाताने लिहावी. आणि वही दप्तरात किंवा कपाटात न ठेवता टेबलावर, त्या आठवड्याचं पान उघडं. बंद वही कोणालाच काही आठवून देत नाही.

कागद की अ‍ॅप? लहान वयात कागद. पूर्ण आठवडा एका नजरेत दिसतो, खोडल्याची खूण राहते, आणि वही उघडताना समोर खेळ येत नाहीत. पेन मात्र नको, पेन्सिल हवी.

बिघडतं कुठे

खोट्या खुणा हा सर्वांत जुना आजार. काम न करता चौकोनात बरोबरची खूण. यावर पहारा वाढवून काही होत नाही, उलट लपवणं सफाईदार होतं. खुणेची व्याख्या बदला: चौकोनात बरोबरची खूण नाही, तर काम ज्या वहीत केलं तिचा पान क्रमांक लिहायचा. '३७' लिहायला पान ३७ असावं लागतं.

दुसरा आजार, रोज पुढे सरकणारी ओळ. शुद्धलेखन सोमवारचं मंगळवारी, मंगळवारचं बुधवारी. नियम ठेवा: एक ओळ दोनदाच सरकेल, प्रत्येक वेळी तिच्यापुढे एक बाण. तिसऱ्यांदा तिचं काहीतरी करायचंच. काम मोठं असेल तर दोन तुकडे, अवघड असेल तर 'आईबरोबर' असा शेरा, गरज नसेल तर काट. सतत सरकणारी ओळ बहुतेकदा मुलाला न समजलेल्या भागावर बोट ठेवते. दोन बाणांची ओळ दिसली की आधी तो धडा तपासा, मुलाची शिस्त नंतर.

बक्षिसांचा मोहही आवरा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं. नंतर मोकळ्या वेळात त्या मुलांची चित्रं काढायची ओढ घटलेली दिसली. पान भरल्याबद्दल पैसे किंवा खाऊ द्यायला लागलात, तर मूल पान भरेल. शिकेलच असं नाही.

ज्या मुलांचं लक्ष फार चटकन विखुरतं, त्यांना भरलेलं पान पाहूनच धडकी भरते. जाड कागदाच्या तुकड्याला एका ओळीएवढी खिडकी कापा आणि तो पानावर ठेवा. एकच काम दिसतं. ते झालं की खिडकी खाली सरकते. दोन मिनिटांत बनणारी ही पट्टी बऱ्याचदा महागड्या साधनांपेक्षा जास्त कामी येते.

उजळणीसाठी समासात एक अरुंद पट्टा सोडावा. नवा धडा झाला की मुलानेच पुढची पानं उलटून 'पुन्हा: अपूर्णांक' असं दोन दिवसांनंतर, आठवड्यानंतर आणि महिन्यानंतर लिहायचं. अंतर ठेवून केलेली उजळणी एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते, हे एबिंगहाउस यांच्या १८८५ च्या कामापासून पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. प्रत्येक उजळणी पाच मिनिटांची, पुस्तक मिटून.

पेन्सिल कशी सोपवायची

सुरुवातीला ओळी पालक लिहितात आणि मूल फक्त क्रम निवडतं. पुढच्या टप्प्यात पालक आठवड्याची यादी देतात, ती पाच दिवसांत मूल वाटतं. त्यानंतर पालक फक्त महिन्याचं उद्दिष्ट सांगतात, आठवडा मूल आखतं. शेवटी उद्दिष्टही दोघांनी बसून ठरवायचं. वयापेक्षा पान पाहून पुढे जा. सलग तीन आठवडे, आठवण न करता, पाचपैकी चार ओळी पूर्ण होत असतील तर पुढचा टप्पा. सलग दोन आठवडे निम्म्याहून कमी झाल्या, तर एक टप्पा मागे, आणि तेही शिक्षा म्हणून नाही: "या महिन्यात यादी मी वाटून देते, पुढच्या महिन्यात परत तू."

यादी पहिल्यांदा मुलाच्या हातात गेली की ते आवडीचं सगळं सोमवारी ठेवतं आणि शुक्रवारी नावडत्या विषयांचा डोंगर उरतो. तो होऊ द्या. शुक्रवारी बचावाला धावलात, तर आठवडा वाटायला ते शिकणार नाही.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, २० मिनिटं वही घेऊन बसा. मधल्या दिवसांत वही तपासायची नाही. लहान मुलांसोबत मात्र ही बैठक दिवसातून एकदा, संध्याकाळी. बैठकीत मूल वाचतं, पालक ऐकतात. "हे का नाही केलंस?" असं विचारलं की सबबी येतात. "कोणत्या ओळीला सगळ्यात जास्त वेळ लागला?", "कोणती सरकली?", "पुढच्या आठवड्यात काय वेगळं ठेवशील?" असं विचारलं की मूल वहीत बघून उत्तर देतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच नव्या पानावर लिहून घ्यायचं, मुलाच्या अक्षरात, मग ते तुम्हाला चुकीचं वाटलं तरी. चुकलं तर पुढच्या बैठकीत 'लागले'च्या रकान्यात ते दिसेलच.