पिंटोंचे बंड

गोव्यातील पोर्तुगीज सत्ता उलथवून टाकण्यासाठी १७८७ मध्ये रचला गेलेला आणि अंमलात येण्यापूर्वीच फुटलेला कट. बारदेशातील कांदोळीच्या पिंटो घराण्याचा त्यात मोठा सहभाग होता व त्यांच्या घरी बैठका होत असत, त्यावरून हे नाव रूढ झाले. सूत्रे मात्र प्रामुख्याने दोन पाद्रींच्या हाती होती, पणजीचे कायतान फ्रान्सिस्को कौटो आणि दिवाडीचे जुझे आंतोनियो गोन्साल्विस. लढाई अशी झालीच नाही. तरीही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर उसळलेल्या राजकीय क्रांत्यांशी या प्रकरणाचे नाते काय, हा प्रश्न अभ्यासकांना सतत खुणावत आला आहे.

पार्श्वभूमी : पोर्तुगालचा सर्वाधिकारी मंत्री पोंबाल याने २ एप्रिल १७६१ च्या राजाज्ञेने आशियातील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क दिले. अधिकाराच्या जागा देताना वर्णावरून भेद करू नये, स्थानिकांना अपमानास्पद नावांनी हिणवू नये, असे तीत बजावले होते. गोव्यातील अधिकाऱ्यांनी ती जवळजवळ गुंडाळूनच ठेवली. १७७४ मध्ये पोंबालला तिचा नव्याने पुनरुच्चार करावा लागला. त्याच वर्षी त्याने गोव्यातील इन्क्विझिशनही, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्यांना शिक्षा करणारे चर्चचे न्यायपीठ, बंद केले. १७७७ मध्ये पहिल्या मारिया राणीच्या कारकिर्दीच्या आरंभी पोंबालची सत्ता गेली आणि १७७८ मध्ये इन्क्विझिशन पुन्हा सुरू झाले. समतेची राजाज्ञा रद्द झाली नव्हती, पण तिच्यामागे उभे राहणारे कोणी उरले नव्हते.

याची सर्वांत तीव्र झळ शिकलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती घराण्यांना बसली. धर्मपीठातील वरच्या जागा आणि फौजेतील बढत्या पोर्तुगालहून आलेल्यांना किंवा येथे स्थायिक झालेल्या गोऱ्या वंशजांना मिळत. कौटो आणि गोन्साल्विस यांनी १७८० च्या दशकाच्या आरंभी युरोपचा प्रवास केला. दक्षिण भारतातील क्रांगानोर (कोडुंगल्लूर) व मैलापूर येथील रिक्त बिशपपदांसाठी आपला विचार व्हावा, अशी त्यांची अपेक्षा होती. तेथे पोर्तुगीज धर्मगुरूंची नेमणूक झाली. लिस्बनमधील मुक्कामात त्यांचा संबंध मूळचे कोलवाळचे पाद्री कायतान व्हितोरिनो फारिया यांच्याशी आला. पुढे संमोहनविद्येमुळे आबे फारिया म्हणून प्रसिद्धीस आलेले जुझे कुस्तोदियो हे त्यांचे पुत्र. परत आलेल्या पाद्रींचा असंतोष व फौजेतील डावलल्या गेलेल्या गोमंतकीय अधिकाऱ्यांचा असंतोष कांदोळीत एकत्र आले.

प्रेरणेचा वाद : लोकप्रिय लिखाणात या कटाला फ्रेंच राज्यक्रांतीचे अपत्य म्हटले जाते. कालक्रम पाहता हे टिकत नाही, कारण त्या क्रांतीचा आरंभ मानला जाणारा बॅस्टिल तुरुंगाचा पाडाव १४ जुलै १७८९ चा आणि कटवाल्यांना अटक झाली ती १७८७ मध्ये. तेव्हा प्रश्न उरतो तो क्रांतीपूर्व प्रबोधनविचारांचा (विवेक व समता यांवर भर देणाऱ्या अठराव्या शतकातील युरोपीय विचारांचा) व १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेचा. एका मतानुसार कटवाल्यांनी लिस्बन व रोममध्ये हे विचार आत्मसात केले होते आणि राजसत्तेच्या जागी गोमंतकीयांचे प्रजासत्ताक आणणे हे त्यांचे ध्येय होते. दुसऱ्या मतानुसार हा मुख्यतः पदे व मानमरातब यांसाठीचा झगडा होता आणि त्याला सिद्धांताची बैठक नंतरच्या राष्ट्रवादी इतिहासकारांनी दिली.

तुलनेसाठी त्याच साम्राज्यातील ब्राझीलचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मिनास जेराइस प्रांतात १७८९ मध्ये असाच एक कट उघडकीस आला आणि त्याचा नेता तिरादेंतिश याला २१ एप्रिल १७९२ रोजी फाशी देण्यात आली. त्या कटवाल्यांकडे अमेरिकी राज्यांच्या संविधानांचा फ्रेंच संग्रह होता, म्हणजे वाचन आणि कृती यांचा दुवा तेथे थेट दाखवता येतो. गोव्याच्या बाबतीत हा दुवा अनुमानाचा आहे. सोळाव्या शतकात आशियातील आरंभीच्या छापखान्यांपैकी एक जेथे उभा राहिला, त्या गोव्यात या काळात छपाई बंद होती आणि ती १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. ग्रंथांवर इन्क्विझिशनची नजर होती. नवे विचार येणार ते जहाजाने परतणाऱ्या माणसांबरोबरच.

या दोन मतांमध्ये निवड करायची, तर एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. कटवाल्यांच्या तक्रारीचा गाभा १७६१ च्या राजाज्ञेत होता. जन्माने मिळालेल्या विशेषाधिकारापेक्षा गुण व कायदा श्रेष्ठ, हे तत्त्व त्यांना पॅरिसहून मागवावे लागले नाही, ते त्यांच्याच राजाच्या शिक्क्यानिशी गोव्यात येऊन पोचले होते. प्रबोधनाचा प्रभाव येथे वसाहतीच्या कायद्यावाटे आला आणि दिलेला शब्द मोडला गेल्याने तो बंडाकडे वळला, ही मांडणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. पदांचा झगडा म्हणून त्याला कमी लेखणे म्हणूनच अन्यायाचे ठरते. त्या काळी नागरिक म्हणून बरोबरी मागायची, तर ती पदांच्या रूपानेच मागता येत होती.

आबे फारियांचा सहभाग हा आणखी एक वादविषय. त्यांचा जन्म १७५६ मध्ये कांदोळीचा. कटाच्या वेळी ते युरोपात होते आणि १७८८ मध्ये लिस्बन सोडून पॅरिसला गेले. हे प्रस्थान म्हणजे कटातील सहभागाची कबुली, असे काहीजण मानतात. १९०६ मध्ये त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या डॉ. दालगादो यांच्यापासून ही चर्चा चालू आहे. ऑक्टोबर १७९५ च्या पॅरिसमधील उठावात त्यांनी एका तुकडीचे नेतृत्व केल्याचाही दाखला दिला जातो, परंतु तो उठाव क्रांतीच्या राष्ट्रीय सभेविरुद्ध होता. त्यावरून १७८७ मधील त्यांच्या मतांचा निष्कर्ष काढणे सयुक्तिक नाही.

कट व शिक्षा : कटाच्या आराखड्याची माहिती बहुतांशी सरकारी चौकशीच्या कागदपत्रांतून मिळते, त्यामुळे ती जपून वापरावी लागते. फौजेच्या पावात विष घालण्याचा बेत होता, टिपू सुलतानाकडून मदतीची अपेक्षा होती, असे आरोप ठेवण्यात आले. ऑगस्ट १७८७ मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस्को द कुन्या मिनेझिस याला सुगावा लागला आणि धरपकड सुरू झाली. एकूण ४७ जणांना अटक झाली, त्यांत १७ पाद्री व ७ लष्करी अधिकारी होते. गोन्साल्विस निसटले. डिसेंबर १७८८ मध्ये १५ जणांना पणजीत अत्यंत क्रूर रीतीने देहान्त शिक्षा देण्यात आली. पाद्रींना लिस्बनला पाठवून रीतसर खटल्यावाचून कैदेत ठेवले गेले. त्यांपैकी काहींचा तेथेच अंत झाला आणि उरलेल्यांची सुटका १८०७ च्या सुमारास, फ्रेंच फौजा पोर्तुगालमध्ये शिरल्यावर झाली, असे सांगितले जाते.

या विषयाचा पाया कुन्या रिव्हारा यांच्या १८७५ मधील ग्रंथाने घातला. ते स्वतः गोवा सरकारचे मुख्य सचिव होते व दप्तरखान्यातील कागद त्यांनी प्रसिद्ध केले. पुढील बहुतेक लेखन त्यावरच उभे आहे. कट मुख्यतः बारदेश, तिसवाडीतील ख्रिस्ती घराण्यांपुरता राहिला. सत्तरीतील राणे घराण्याची बंडे ही स्वतंत्र परंपरा असून त्यांची कारणे जमीन व वतनी हक्क यांत आहेत, दोन्हींची सरमिसळ करू नये.

१८२० च्या पोर्तुगालमधील उदारमतवादी क्रांतीनंतर गोव्याला लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधित्व मिळाले. निवडून गेलेल्यांत बेर्नार्दो पेरीश द सिल्वा हे गोमंतकीय होते. १८३५ च्या जानेवारीत ते गोव्याचे प्रशासक झाले. पोर्तुगीज राजवटीत या पदावर बसलेले ते पहिले गोमंतकीय. काही दिवसांतच गोव्यातील फौजेने त्यांना पदच्युत केले आणि त्यांनी मुंबईत आश्रय घेतला.