सक्रिय दीर्घिकांतील कृष्णविवरांचे वस्तुमान

ज्या दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराकडे भोवतालचा वायू ओढला जातो आणि पडता पडता तापून झगझगतो, ती सक्रिय दीर्घिका. क्वेसार हा त्यातला सर्वांत तेजस्वी प्रकार. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांइतके भरते. ते भोवती फिरणाऱ्या एकेका ताऱ्याच्या कक्षेवरून काढता आले. सक्रिय दीर्घिका फार दूर असतात आणि केंद्राच्या झगमगाटात तिथले तारे हरवतात. म्हणून तिथे वायूचीच साक्ष काढावी लागते.

कृष्णविवराजवळचे वायुमेघ सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतात. त्यामुळे वर्णपटातील (प्रकाश रंगांत विभागून मिळणाऱ्या पट्ट्यातील) हायड्रोजनच्या रेषा डॉपलर परिणामाने, म्हणजे जवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या मेघांच्या प्रकाशाची तरंगलांबी बदलल्याने, रुंदावतात आणि त्या रुंदीवरून वेग मिळतो. वेगाच्या वर्गाला मेघांच्या अंतराने गुणून गुरुत्व स्थिरांकाने भागले की वस्तुमान. घोडे अडते ते अंतरापाशी, कारण हा सगळा भाग दुर्बिणीत एका ठिपक्यात मावतो.

यावरची पद्धत म्हणजे रेव्हर्बरेशन मॅपिंग. तिची गणिती मांडणी ब्लँडफोर्ड आणि मकी या खगोलशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये केली. ठोसेघरच्या दरीत हाळी दिल्यावर प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून समोरचा कडा किती लांब ते कळते, तसाच हा प्रकार. केंद्राचे तेज कमीजास्त होत असते. मेघांतल्या रेषांचे तेज त्याच्या मागोमाग, पण उशिराने बदलते. एनजीसी ५५४८ या दीर्घिकेवर १९८८-८९ मध्ये महिनोन्‌महिने नजर ठेवली, तेव्हा हायड्रोजन-बीटा रेषेचा उशीर सुमारे २० दिवस निघाला. म्हणजे अंतर २० प्रकाश-दिवस (प्रकाश २० दिवसांत कापतो तेवढे), जवळपास ५२,००० कोटी किलोमीटर. वेग सेकंदाला २,००० किलोमीटर धरला, तर उत्तर दीड कोटी सूर्यांच्या आसपास येते.

मात्र हे उत्तर कच्चे. मेघांची मांडणी आणि आपल्या दृष्टिरेषेशी असलेला त्यांचा कल माहीत नसल्याने त्याला एका गुणकाने गुणतात. रुंदी मोजण्याच्या रीतीनुसार तो बदलतो, आणि इथे ४ ते ५ धरला तर आकडा ७ कोटींपर्यंत जातो. हा गुणक शांत दीर्घिकांतील ताऱ्यांचा वेगविस्तार (त्यांच्या वेगांतला फरक किती) आणि कृष्णविवराचे वस्तुमान यांच्या २००० साली मांडलेल्या संबंधावरून ठरवलेला, म्हणजे उसना आहे. सगळ्या पद्धतीचा कच्चा दुवा हाच.

हजारो क्वेसारांवर इतका वेळ घालवणे शक्य नसते. तेज जास्त तितके मेघ दूर, आणि हे अंतर साधारण तेजाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. या नियमामुळे एकाच वर्णपटावरून अंदाज निघतो, पण तो दोन-तीन पटींनी चुकू शकतो. अशा आकड्यापुढे दशांशचिन्ह लावणे हास्यास्पदच. पडताळ्याच्या वाटा मोजक्या आहेत: २०१८ मध्ये चिलीतील चार मोठ्या दुर्बिणी जोडून ३सी २७३ या क्वेसारच्या मेघांचे फिरणे थेट टिपले गेले आणि वस्तुमान ३० कोटी सूर्यांच्या घरात आले.

हाच क्वेसार एप्रिलअखेर रात्री साडेदहाच्या सुमारास साताऱ्याहून दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ७४ अंशांवर असतो. तेजाची तेरावी प्रत असल्याने (प्रतीचा आकडा मोठा तितकी वस्तू अंधुक) आठ इंची दुर्बीण आणि अमावास्येचे आकाश हवे. एनजीसी ५५४८ची गोष्ट अवघड. संध्याकाळी ती माथ्याजवळ येते तोवर जून उजाडतो आणि कासच्या पठारावर ढग उतरतात. नाव कासचे असले, तरी या कामाला माण, खटाव किंवा जतचे पर्जन्यछायेतले माळ बरे. कॅमेऱ्याने तेजातला चढउतार टिपता येतो. रेषांची रुंदी मोजायला मात्र वर्णपटमापक आणि बरीच मोठी दुर्बीण लागते.