लेसर उंचीमापकाने लघुग्रहांचा अभ्यास

अवकाशयानातून लघुग्रहावर लेसरचे क्षणिक स्पंद सोडायचे, पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश टिपायचा आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर काढायचे, या पद्धतीला लेसर उंचीमापन म्हणतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. जाणे आणि येणे दोन्ही धरता, वेळ मोजण्यात एका नॅनोसेकंदाची चूक झाली की अंतर १५ सेंटिमीटरने चुकते.

छायाचित्रे असताना याची गरज काय? नुसत्या छायाचित्रावरून समोरची शिळा पाच मीटरची की पन्नास मीटरची, हे सांगता येत नाही. लेसरने अंतर कळले की माप बसते. शिवाय सूर्यप्रकाश न पोहोचलेल्या भागावरही हे काम चालते.

खरा पेच उंचीच्या व्याख्येत आहे. बेळगावची उंची साडेसातशे मीटरच्या आसपास, असे आपण म्हणतो ते समुद्रसपाटीपासून. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते, तर त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते; कुठे वळायचे ते उतार ठरवतो. लघुग्रहावर समुद्र नाही, आकार वेडावाकडा, गुरुत्वाकर्षण क्षीण आणि वर स्वतःभोवतीची गिरकी. तिथे केंद्रापासून सर्वांत दूरची जागा सर्वांत उंच असेलच असे नाही. म्हणून आधी लेसरने आकार मोजतात, त्यावर गुरुत्व आणि गिरकी यांचा एकत्र हिशेब मांडतात, आणि मगच उतार कुठे ते ठरते.

आकारावरून घनफळ मिळते. यानाच्या मार्गावर लघुग्रहाची ओढ किती पडते, त्यावरून वस्तुमान. दोन्हींचा भागाकार म्हणजे घनता, आणि माझ्या मते या पद्धतीचे सर्वांत मोलाचे फळ तेच. नासाचे ‘निअर शूमेकर’ २००० साली इरॉसभोवती फिरू लागले. बेळगाव-खानापूर अंतराहूनही लांब, सुमारे ३४ किलोमीटरच्या या लघुग्रहाची घनता दर घनसेंटिमीटरला २.६७ ग्रॅमच्या जवळपास निघाली. म्हणजे आत तडे असले तरी खडक बऱ्यापैकी सलग. जपानच्या ‘हायाबुसा’ने २००५ मध्ये इतोकावाची घनता सुमारे १.९ काढली. जवळजवळ ४० टक्के पोकळी असलेला तो दगडधोंड्यांचा ढीग ठरला.

नासाचे ‘ओसायरिस-रेक्स’ यान २०१८ च्या डिसेंबरात बेन्नू या लघुग्रहापाशी पोहोचले. त्यावरचे ‘ओला’ हे कॅनडाने दिलेले उपकरण एकाच रेषेत न मोजता आडवेतिडवे फिरून मोजत असे, जवळून सेकंदाला दहा हजार स्पंदांपर्यंत. जेमतेम अर्धा किलोमीटर व्यासाच्या बेन्नूचा इतका बारीक नकाशा त्यातून झाला की दक्षिण गोलार्ध उत्तरेपेक्षा अधिक गोलसर आहे, हेही दिसले. दक्षिणेकडच्या मोठ्या शिळा विषुववृत्ताकडे घसरणारा भुगा अडवून धरत असाव्यात, असे त्याचे स्पष्टीकरण देतात.

भारताच्या ‘चांद्रयान-१’वर (२००८) याच तत्त्वाचे उपकरण होते आणि ते इस्रोच्या बेंगळुरू येथील प्रयोगशाळेत तयार झाले, मात्र त्याने मोजला तो चंद्र.

२०२२ मध्ये नासाचे ‘डार्ट’ यान डिडिमॉस या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या डिमॉर्फसवर मुद्दाम आदळवले गेले आणि डिमॉर्फसच्या प्रदक्षिणेचा काळ सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाला. युरोपचे ‘हेरा’ यान २०२४ च्या ऑक्टोबरात लेसर उंचीमापक घेऊन तिकडे निघाले. २०२६ मध्ये तिथे पोहोचून डिमॉर्फसचे वस्तुमान ठरवायचे, असा बेत आहे. ते कळल्याशिवाय त्या धडकेचा धक्का नेमका किती लागू पडला, हे सांगता येणार नाही.