कंबरदुखीवरचा योग आमच्या वावरापर्यंत कसा आला

कापूस फुटला की आमच्या यवतमाळकडं सकाळी ऊन चढायच्या आत बाया वावरात असतात. पोटाशी ओटी बांधलेली, कंबरेत वाकलेल्या, दोन्ही हात बोंडांत. मध्येच एखादी उभी राहते, तळवे कंबरेवर टेकवून मागं रेलते, डोळे मिटते आणि पुन्हा वाकते. ते रेलणं तिला कोणी शिकवलेलं नसतं. योगोपचारात कंबरेसाठी आज जे शिकवतात, त्यातला बराच भाग म्हणजे हेच रेलणं आहे. फक्त जमिनीवर पालथं पडून, श्वास सांभाळून, रोज केलेलं.

विदर्भात पाठ मोडणारी कामं वर्षभर संपत नाहीत. पश्चिमेकडं सरकी टोबणं, निंदण, वेचणी, सोयाबीनची सोंगणी. भंडारा-गोंदियाकडं रोवणा, म्हणजे चिखलात वाकून मागं मागं सरकत धान लावणं. फवारणीचा पंधरा-सोळा लिटरचा भरलेला पंप पाठीवर घेऊन माणूस ओळीओळीनं फिरतो. त्यावर घरचे उपाय ठरलेले: निरगुडीच्या पाल्याचा शेक, गरम विटेचा शेक, बिब्बा. उसण भरली तर पायाळू माणसाला बोलावून पाठीवर पाय लावून घ्यायचा. शेकानं बरं वाटतं, बिब्ब्यानं कातडी भाजते. अलीकडं या सगळ्यांची जागा 'सुई'नं घेतली आहे. सुई टोचली की दोन दिवस दुखणं दबतं आणि मजुरी बुडत नाही, एवढंच तिचं मोल.

मग योग कुठून आला? पुष्कळांना वाटतं की कंबरदुखीवरची आसनं ऋषिमुनींपासून चालत आली. जुनी पुस्तकं वाचली तर चित्र वेगळं दिसतं. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत जेमतेम पंधरा आसनं आहेत आणि त्यांत भुजंगासन नाही. ते नंतरच्या घेरंडसंहितेत येतं. नाभीपासून अंगठ्यापर्यंतचा भाग जमिनीला टेकवून सापासारखं डोकं वर उचला, असं तिथं वर्णन आहे. पण फळ काय सांगितलं? देहाग्नी वाढतो, रोग जातात, कुंडलिनी जागते. कंबरेचं नावही नाही. योगाला ठरावीक दुखण्यावरचा उपचार म्हणून बघणं ही शंभरेक वर्षांतली गोष्ट आहे, आणि तिचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला याचा मला अभिमान वाटतो.

१९१८ साली श्रीयोगेंद्रांनी मुंबईत योग संस्था काढली. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू करून त्यात क्ष-किरणांचे फोटो आणि दाबाच्या नोंदी छापल्या. पोट आत ओढल्यावर शरीरात खरोखर काय होतं, ते यंत्र लावून बघायचं, हा त्यांचा आग्रह होता. मला ही सगळ्यांत मोलाची पायरी वाटते. कारण मोजायचं ठरवलं की चूकही कबूल करावी लागते. १९६३ साली त्यांनी डॉ. विनेकरांसोबत योगोपचारावर पुस्तक लिहिलं. पुढं पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, पट्टे, ठोकळे, खुर्च्या वापरून ताठ आणि दुखऱ्या शरीरालाही आसनात बसवलं.

आमच्या बाजूला हा प्रवाह दोन वाटांनी आला. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूनं देशी खेळ दाखवले होते. तिथून गावोगावच्या शाळांत व्यायामशिक्षक गेले आणि त्यांच्यासोबत आसनंही गेली. पण ती गेली कवायतीच्या अंगानं: शिट्टी, रांग, एक-दोन-तीन. दुसरी वाट नागपूरची. १९५०च्या दशकात जनार्दनस्वामींनी घरोघरी जाऊन, पैसा न घेता लोकांना योग शिकवला आणि योगाभ्यासी मंडळ उभं केलं. समोरच्या माणसाचं दुखणं विचारून शिकवायचं, ही उपचाराची रीत. गावात मात्र रुजली ती कवायतच.

२१ जून २०१५ ला पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन झाला, त्यानंतर ती आणखी घट्ट झाली. आमच्या गावच्या पटांगणात एका वर्षी माझी आईही गेली. शिकवणाऱ्यानं सगळ्यांना एकदम पायाचे अंगठे धरायला लावले. आधीचे चार दिवस ती निंदायला जात होती. घरी आली ती भिंत धरत. "कंबर धरली व माय, मले आता बसता येत नाई," म्हणाली. दिवसभर वाकलेल्या बाईला पुन्हा वाकायलाच लावलं. तिला कुठं दुखतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

बाहेरच्या जगात तोवर बरंच तपासून झालं होतं. २०११ मध्ये इंग्लंडात तीनशेवर रुग्णांवर बारा आठवड्यांच्या वर्गांची चाचणी झाली. २०१७ मध्ये बोस्टनमध्ये गरीब वस्त्यांतल्या ३२० जणांवर दुसरी झाली. तिथं योगाचा गुण फिजिओथेरपीइतकाच आला. त्याच वर्षी बारा चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. काहीच न करण्यापेक्षा योगानं थोडा ते मध्यम आराम पडतो, पाठीच्या इतर व्यायामांपेक्षा मात्र फारसा जास्त नाही, आणि काहींचं दुखणं वाढतंही, असं त्यातून निघालं. यातल्या बहुतेक चाचण्या अमेरिकेतल्या. कापूस वेचणाऱ्या कंबरेची गोष्ट त्यांत नाही. ती बाजू गडचिरोलीनं मांडली: शोधग्रामच्या 'सर्च' संस्थेनं गावांत पाहणी करून पाठदुखी हा ग्रामीण भागातला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असं दाखवून दिलं.

पायात मुंग्या किंवा बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, ताप, वजन उतरणं, पडल्यानंतरचं दुखणं, यांतलं काहीही असेल तर आसन नाही, आधी डॉक्टर. मणक्याचा क्षयही कंबरदुखी बनूनच येतो.

आरोग्यवर्धिनी केंद्रं आली तशी उपकेंद्रातही योगाची सत्रं सुरू झाली. आमच्याकडं ती भरतात दिवसा, जेव्हा बाया वावरात असतात. म्हणून आईचा वर्ग रात्री, जेवणाआधी, ओसरीवर. नागपुरात शिकून आलेली एक पोरगी शेजारच्या चार-पाच जणींना घेऊन बसते. आधी मकरासन: पालथं, हातांवर डोकं, नुसता श्वास. मग कोपरं टेकवून अर्धं भुजंगासन, मग पाठीवर येऊन गुडघे वाकवून सेतुबंध. पुढं वाकणं एकही नाही. वेचणीच्या दिवसांत आईला मकरासनातच झोप लागते, आणि ती पोरगी तिला उठवत नाही.