पेन्सिलीच्या रेघेवरचा षड्ज

केळ्याला किंवा चिबडाला बोट लावताच सूर उमटतो, अशा चित्रफिती पाहून ‘फळातील ऊर्जा गाते’ असा अनेकांचा समज होतो. हल्ली तर ‘झाडांचे संगीत’ ऐकविणारी यंत्रेही विकली जातात. वस्तुतः झाड गात नाही. पानातील किंवा फळातील ओलाव्यामुळे अत्यल्प विद्युतप्रवाह वाहतो आणि त्यातील चढउताराला कोणता सूर द्यायचा, हे यंत्र बनविणाऱ्याने आधीच ठरविलेले असते. एमआयटी मीडिया लॅबच्या जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम यांनी २०१२ मध्ये आणलेल्या ‘मेकी मेकी’ या बोर्डात २२ मेगाओहमचे रोधक (विजेला अडविणारे भाग) आहेत. त्यांच्यापुढे फळाचा आणि मुलाच्या शरीराचा रोध किरकोळ ठरतो, म्हणून नुसत्या स्पर्शाने कळ दाबल्याचा संदेश संगणकाला जातो. माटोळीतले (गोव्यात गणपतीवर फळे बांधून सजवितात त्या चौकटीतले) चिबूड तिथे जोडले, तरी त्याचे काम बटणाचेच.

परंतु ज्या मुलाने गणेश चवथीच्या आरतीत घुमट या मडक्यासारख्या वाद्यावर एका हाताने थाप मारत दुसऱ्या हाताने मागचे तोंड कमी-अधिक झाकून नाद बदललेला आहे, त्याला ठरलेला सूर देणारे बटण फार काळ रिझवू शकत नाही. हाताच्या कमी-अधिक हालचालीने सूरही बदलायला हवा. त्यासाठी हान्स कामेन्झिंड यांनी आखलेली आणि १९७२ साली बाजारात आलेली ‘५५५’ ही टायमर आयसी (ठरावीक काळाने चालू-बंद होणारी चिप) आजही पुरेशी आहे.

तिच्या विद्युतमंडलात कपॅसिटर (विजेचा भार साठविणारा भाग) एका रोधकातून भरत जातो. त्यावरील व्होल्टेज बॅटरीच्या दोन-तृतीयांशाला पोचले की आयसी त्याला रिकामे करू लागते आणि ते एक-तृतीयांशावर उतरले की पुन्हा भरू देते. ही भरती-ओहोटी सेकंदाला जितक्या वेळा होईल, तितकी स्पीकरमधील स्वराची कंपनसंख्या. दोन्ही मर्यादा बॅटरीच्या व्होल्टेजचेच अंश असल्यामुळे ९ व्होल्टची बॅटरी उतरू लागली तरी आवाज क्षीण होतो, सूर मात्र जवळजवळ ढळत नाही. कंपनसंख्या साधारणपणे ०.७२ भागिले रोध आणि कपॅसिटरची धारकता यांचा गुणाकार इतकी येते. ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ३०० किलोओहमचा रोध घेतला, की २४० हर्ट्झचा षड्ज मिळतो. रोध २०० वर आणला तर ३६० हर्ट्झचा पंचम, १५० वर ४८० हर्ट्झचा तार षड्ज.

रोध आणि स्वर यांचे हे नाते तारेची लांबी आणि स्वर यांच्या नात्यासारखेच व्यस्त आहे, म्हणून रोधकाऐवजी कागदावर ६बी पेन्सिलीने ओढलेली जाड पट्टी वापरता येते. ग्रॅफाइट विद्युतवाहक असते आणि ६बीमध्ये ते एचबीपेक्षा जास्त असते. एकसारख्या ३० सेंटीमीटर पट्टीचा रोध ३०० किलोओहम भरला, तर एका टोकापासून ३० वर सा, २६.७ वर रे, २४ वर ग, २० वर प, १८ वर ध आणि १५ वर तार सा, असा भूप राग मांडता येतो. भूपात लगतच्या दोन स्वरांत अर्धस्वराचे अंतर कुठेच नसल्याने मुलाने कसेही वाजविले तरी कानाला खुपत नाही.

पट्टीवर बोट नव्हे, तारेचे उघडे टोक फिरवावे, अन्यथा त्वचेचा रोधही हिशेबात शिरतो. तो मुद्दाम शिरवायचा असेल, तर पट्टी काढून दोन उघड्या तारा मुलाच्या दोन हातांत द्याव्यात आणि सूर किंचाळीला जाऊ नये म्हणून एक लाख ओहमचा कायम रोधक जोडावा. कोरड्या तळव्यांचा रोध लाखाच्या घरात, घामेजलेल्यांचा काही हजारांपर्यंत असतो. त्यामुळे गोव्याच्या दमट हवेत हे वाद्य चढेच वाजते, मूठ आवळली की आणखी चढते आणि चार मुलांनी हात धरून साखळी केली की उतरते.

यासाठी घरातील विजेवर चालणारा अडॅप्टर कधीही वापरू नये. गिळल्यास अन्ननलिका भाजणाऱ्या बटणसेलनाही लहान मुलांच्या खेळण्यात जागा नसावी. पट्टीवरचा एखादा स्वर उतरला तर तेथवरच्या भागावर पेन्सिल आणखी एकदा फिरवावी. चढला तर खोडरबर हलकेच घासावा.